मराठी जाणणारा माणूस हवा

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
११ नोव्हेंबर २०२४

हेमाताई,

'प्रिय' लिहू की नको यावर पेन अडलं, म्हणून गाळूनच टाकलं. माझा नंबर ब्लॉक करून तुला दोन वर्षं झाली. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, तेव्हा हे पत्र. वाचायचं नसेल तर रद्दीत घाल, पण आज मी लिहिणार आहे, कारण आज भाऊजी भेटले.

हो, तुझे यजमान. ज्यांना निवृत्त होऊन चार दिवस सुखाचे येतायत तोवर नोएडाच्या फ्लॅटमध्ये एकटं टाकून तू पुण्याला लेकीकडे जाऊन राहिलीस, ते. तेजूनेच तुला फितवलं असं मी तेव्हा म्हणाले होते आणि आजही म्हणते. तरण्याताठ्या पोरीला आई लागते कशाला? असो. भांडायला पत्र लिहीत नाहीये.

भाऊजी भेटले ते माझ्या कामात. तुझ्या मते माझं काम म्हणजे लोकांच्या घरची धुणी चव्हाट्यावर धुणं. ते खरं तर असं असतं: लहान मुलावर अत्याचार झाला की पोलीस गुन्हा नोंदवतात आणि बाल कल्याण समितीला कळवतात. समिती त्या मुलासाठी एक आधार व्यक्ती नेमते. ती मी. पोलिसांची भाषा वेगळी, समितीची वेगळी, कोर्टाची तर विचारूच नकोस, आणि मूल मध्ये उभं. त्याचा हात धरून मी सगळीकडे जाते.

या वेळची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिचं नाव लिहायची कायद्याने बंदी आहे, म्हणून आपण तिला चिऊ म्हणू. हिंगोलीकडची. वडील नाहीत. आई नोएडात कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर आहे, आणि आईचा भाऊ यूपीएससीची तयारी करत त्यांच्याच खोलीत राहतो. सुट्टीचा वार जवळ आला की चिऊ शाळेतून घरी जायला रडायची. बाईंनी जवळ घेतलं तेव्हा मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाली की कुणीतरी त्रास देतं, आणि सांगितलं तर आईला जेलमध्ये टाकतील. बाईंनी हेल्पलाइनला फोन लावला. त्रास कोण देतं, ते मात्र चिऊने सांगितलं नाही. घरात पुरुष एकच, म्हणून पोलिसांनी मामाला उचलून ठाण्यात बसवलंय.

आज तिचा जबाब घ्यायचा होता. तिला मनातलं बोलायला मराठीच लागते. मी मराठी आहे, पण आधार देणारी आणि दुभाषा एकच बाई असली की आरोपीचा वकील म्हणतो, हिनेच पोरीला पढवलं. तेव्हा मराठी जाणणारा तिसरा माणूस हवा. समितीकडे बंगाली आहे, उडिया आहे, मराठी नाही. मग काय, दिल्लीतल्या मराठी माणसाचा नेहमीचा उपाय! समितीतल्या कुणीतरी महाराष्ट्र मंडळात फोन लावला. तिकडून एका झटक्यात नाव आलं, भालचंद्रराव. मंत्रालयातून निवृत्त, नोएडातच राहतात, आणि दर रविवारी गावाकडून आलेल्या मराठी मुलांना फुकट हिंदी शिकवतात.

मी तर उडालेच. ते आत आले तशी चिऊची आई हात जोडून उभी राहिली, "सर, तुम्ही! देव पावला." चिऊ त्यांच्याच वर्गात जाते म्हणे. नियमाने दुभाषा ओळखीतला नसावा. पण तपास करणाऱ्या भाटी मॅडम म्हणाल्या, "अच्छा है ना, बच्ची पहचानती है, डरेगी नहीं।" मलाही ते पटलं. भाऊजींना मानाची खुर्ची दिली, पहिला चहा त्यांच्या हातात दिला. ते किती हळू बोलले तिच्याशी! "बोल बाळ, घाबरू नकोस. मी आहे ना इथे."

पण चिऊ बोलली नाही. एक अक्षर नाही. शेवटी तिचा फ्रॉक ओला झाला आणि भाटी मॅडमनी थांबवलं. भाऊजी जिन्यात डोळे पुसत मला म्हणाले, "वैजू, या वयात हे बघवत नाही गं." कोर्टात न्यायाधीशांपुढे तिचा जबाब व्हायचाय, तेव्हाही येतो म्हणाले.

असा माणूस तू टाकलास, हेमाताई. मला फक्त हेच लिहायचं होतं.

वैजू


लक्ष्मीबाई नगर
१३ नोव्हेंबर

हेमाताई,

हे पत्र आज लिहितेय पण आज टाकणार नाही. का, ते शेवटी सांगते. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

काल चिऊच्या घरी गेले होते. मी फार काही विचारत नाही कधी. आमच्यात तसा नियमच आहे, मुलाच्या तोंडात शब्द घालायचा नाही. आई कारखान्यात होती, शेजारीण दारात भाजी निवडत बसली होती. चिऊ पाटीवर घर काढत होती. मी म्हटलं, खिडकी काढायची राहिली की गं. तर मान वर न करता तिने विचारलं,

"मावशी, सर पोलिसांचेच आहेत ना?"

मी म्हटलं, "कोण सर?"

"आमचे सर. ते म्हणाले होते, पोलीस माझ्या ओळखीचे आहेत, तू सांगितलंस तर ते मलाच येऊन सांगतील. खरंच आहेत. तुम्ही सगळ्यांनी त्यांना आधी चहा दिला."

आणि पाटीवर खिडकी काढायला लागली.

ताई, मी काय सांगू तुला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, मी आजवर ते वाचलं होतं फक्त. मला तिला हजार गोष्टी विचारायच्या होत्या आणि मी एकही विचारली नाही. विचारलं असतं तर ते माझं झालं असतं, तिचं राहिलं नसतं. मी नुसती म्हणाले, "नाही, चिऊ. सर पोलिसांचे नाहीत." तिने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या मुलीने माझी कीव केली, तशी नजर होती ती. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे आपण बघतो ना, तसं.

तिला कसं खरं वाटावं? त्या मुलीने सगळा धीर गोळा करून एका बाईला सांगितलं. त्या बाईने हेल्पलाइनला सांगितलं, हेल्पलाइनने पोलिसांना, पोलिसांनी समितीला. इतक्या मोठमोठ्या लोकांनी मिळून शेवटी त्यालाच तिच्यासमोर आणून बसवलं आणि म्हणाले, हं, आता याला सांग. पोलीस समजले, समितीने पाहूनच पाठवलाय. समिती समजली, पोलीस चौकशी करतीलच. मंडळ समजलं, सरकारने मागितलाय म्हणजे पुण्याचं काम आहे. आणि मी समजले, आपले भाऊजी आहेत.

"मी आहे ना इथे." ते तिला धीर देत नव्हते, ताई. मी ते वाक्य ऐकलं, माझ्याच भाषेत ऐकलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं कौतुकाने.

मी तशीच रिक्षा करून ठाण्यात गेले. भाटी मॅडम फाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मैडम, वो तो आपके जीजाजी हैं।"

"हाँ।"

"बच्ची ने नाम लेकर कहा कि उन्होंने कुछ किया?"

"नहीं। जो पूछा, बस वही बता रही हूँ। उससे आगे मैंने नहीं पूछा।"

"लिखकर दोगी? फिर सपोर्ट पर्सन नहीं रह पाओगी, समझ लो। रिश्तेदार हो, और अब गवाह भी।"

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तेव्हा. चिऊचा आता कुणावरच विश्वास नाही, आणि त्यात मीही जायचं? कोर्टातला जबाब डोक्यावर आलाय. तिथेही ती गप्प राहिली तर केस मामाच्या गळ्यात पडेल, चिऊ घरी, मामा तुरुंगात, आणि रविवारचा वर्ग पुन्हा सुरू. पण माझी गाठ सोडवल्याशिवाय त्या मुलीची सुटणार नव्हती. मी लिहून दिलं. सही केली आणि भाटी मॅडमच्याच टेबलावर डोकं टेकून रडले. त्यांनी काही समजावलं वगैरे नाही. पाण्याची बाटली सरकवली आणि समितीला फोन लावला, "वो दुभाषिया कैंसिल कीजिए। अभी। कारण लिखकर भेज रही हूँ।"

आता, हे पत्र का थांबवतेय. भाऊजींना अजून काही माहीत नाही. उद्या-परवा त्यांना बोलावतील. त्याआधी हे तुझ्या हाती पडलं तर तू त्यांना फोन करशील, अशी मला भीती वाटते. सख्ख्या बहिणीची मला अशी भीती वाटावी! पण वाटते, आणि खोटं कशाला लिहू?

वैजू


लक्ष्मीबाई नगर
१९ नोव्हेंबर

हेमाताई,

तिन्ही पत्रं एकाच पाकिटात टाकतेय. पहिलंही टाकतेय, ते लिहिलं तेव्हा मी काय समजत होते ते तुला कळू दे. भाऊजींना काल अटक झाली. हे तुला मंडळाच्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं अशी इच्छा होती, पण तोंडं बंद ठेवायला आपली माणसं थोडीच आहेत! मला सकाळपासून फोन येतायत. "वैजयंतीताई, घरातली भांडणं ठाण्यात कशाला नेलीत?" एकाने तर विचारलं, मराठी माणसानेच मराठी माणसाचे पाय ओढायचे का. मी फोन आपटला. हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत नीट.

चिऊ बोलली.

कशी बोलली, तेवढं सांगते; काय बोलली, ते मला माहीत नाही आणि माहीत असूही नये. समितीने नवी दुभाषा शोधली, रुचिता नावाची, परभणीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी. या वेळी भाटी मॅडमनी तिची उलटतपासणीच घेतली. इथे कुणाला ओळखतेस, मंडळात जातेस का, रविवारच्या वर्गाचं नाव ऐकलंयस का. समितीच्या बाईंनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. एकाने विचारलं म्हणून दुसऱ्याने सोडलं नाही. हे आठ दिवसांपूर्वी केलं असतं तर! आणि माझ्या जागी दुसरी आधार व्यक्ती आली.

तरी चिऊ गप्पच. रुचिताकडे बघेना, कुणाकडेच बघेना. तेव्हा म्हणे भाटी मॅडम खुर्चीवरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्या साध्या कपड्यांत होत्या. रुचिताला दोन शब्द विचारून घेतले आणि चिऊला म्हणाल्या, "माझं चुकलं." मग पुढचं हिंदीत, "उस आदमी को मैंने कुर्सी दी, चाय दी। गलती मेरी थी। वो पुलिस का नहीं है। मैं पुलिस हूँ।"

चिऊने विचारलं, "तुम्हाला कुणी रागावलं का?"

"हाँ," त्या म्हणाल्या, "बहुत डाँट पड़ी।"

मग ती बोलायला लागली. नंतर कोर्टातही बोलली. भाटी मॅडमनी मला फोनवर एवढंच सांगितलं. मामाला सोडलंय. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. चिऊची आई मला म्हणाली, "सरांसाठी भाकरी बांधून मीच पाठवायचे तिला," आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. मी आणि शेजारणीने धरलं तिला.

आता तुझ्याकडे काम आहे. त्या वर्गात किती मुलं आली नि गेली, कुणाला ठाऊक? हजेरी कधी कुणी घेतलीच नाही. कुणी गावी परत गेलं, कुणी गुरुग्रामला, कुणी फरिदाबादला. पोलीस आणि समिती मिळून घरोघर जाणार आहेत, वर्दी न घालता, दोन बाया एकत्र. पण जायचं कुणाकडे? तू इथे होतीस तेव्हा दर रविवारी चिवड्याचा डबा घेऊन तूच तर उभी असायचीस. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाची आई कुठे कामाला, तुला सगळं पाठ होतं. भाटी मॅडमचा नंबर खाली लिहिलाय. त्यांना नावं सांग.

आणि एक विचारते. मंगळसूत्र टेबलावर ठेवून तू गेलीस तेव्हा मी तुला फाडफाड बोलले, का जातेस ते मात्र विचारलं नाही. आज विचारते. तुला माहीत होतं का? माहीत नसेल तर तुझे पाय धरायला लाव, मी तयार आहे. पण माहीत असेल, हेमाताई, तर तू तुझी सुटलीस आणि ती पोरं रविवारी कुणाच्या भरवशावर टाकून गेलीस? मला झोप येत नाही. राग आहे आणि कुणावर रागवायचं तेच कळत नाही.

उत्तर दे. मला नको, भाटी मॅडमना दे.

वैजू


लक्ष्मीबाई नगर
२ डिसेंबर

प्रिय तेजू,

पाकीट आईच्या नावाचं होतं, उघडलं तू. भाटी मॅडमनी सांगितलं. "आपकी भांजी आई थी। माँ भी थी, मैंने बाहर बिठाया। लड़की ने कहा, पहले मैं बोलूँगी, अकेली।" मग नंतर आईने आत येऊन मुलांची नावं सांगितली, बरीच, आणि बहुतेकांचे पत्तेसुद्धा. समितीची माणसं दुसऱ्याच दिवशी निघाली.

फोन ठेवल्यावर मी गॅसजवळ उभी राहिले आणि दूध उतू जाताना बघत राहिले. हात पुढे जाईना. मला काही सुचतच नव्हतं, बाळ. अजूनही सुचत नाही. तू माझ्या मांडीवर वाढलीस. तुझ्या वेण्या मी घातल्यात. तू सातवीत एकाएकी अबोल झालीस, तेव्हा मी आईला म्हणाले होते, वयच तसं असतं. मुलांशी बोलण्याचं माझं रोजचं काम, त्याचा पगार घेते मी, आणि घरातली मुलगी मला दिसली नाही.

तू पाकिटातलं सगळं वाचलंस म्हणजे पहिलं पत्रही वाचलंस. तुझ्याबद्दल मी त्यात काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. ते वाचूनसुद्धा तू दिल्लीचं तिकीट काढलंस. एवढं मोठं मन तुला कुणी दिलं गं? आमच्यापैकी तर कुणाचं नाही.

तू भाटी मॅडमना काय सांगितलंस ते मी विचारणार नाही. आज नाही, तू साठीची झालीस तरी नाही. ते विचारायला माणसं नेमलेली आहेत, आणि या खेपेला ती आपापलं काम नीट करतायत, यावर माझी नजर आहे. आईला काय माहीत होतं आणि कधीपासून, ते मात्र मी तिला विचारणार आहे. माझी बहीण आहे, तिला उत्तर द्यावं लागेल. तू मध्ये पडू नकोस, तिला सांभाळण्याचं ओझंही घेऊ नकोस. पुष्कळ वाहिलंस.

तुम्ही दोघी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या गेस्ट हाउसमध्ये उतरलात म्हणे. माझ्या घरापासून इतक्या जवळ, आणि मावशीकडे यावंसं वाटलं नाही. नाहीच वाटणार, मी समजते. पुढच्या तारखेला येशील तेव्हा इथे उतर असा माझा आग्रह नाही. वाटलं तर ये, एकटी ये, आईबरोबर ये, न कळवता ये.

एक निरोप आहे तेवढा देते. तो पोचवायची परवानगी भाटी मॅडमनी स्वतः दिली, नाहीतर माझी काय टाप. चिऊने त्यांना विचारलं होतं, आणखी कुणी सांगितलं का? त्यांनी नाव न घेता सांगितलं, हो, एका ताईने. मोठी आहे का? हो, खूप मोठी, नोकरी करते. त्यावर चिऊ म्हणाली,

"तिला सांगा, घाबरू नको. आधी मी सांगितलंय."

तुझी,
वैजूमावशी